बॅकअपला रॅम किती लागेल? टीबी नको, फायली मोजा

"दोन टीबी डेटा आहे, बॅकअपच्या यंत्राला रॅम किती घेऊ?" असा प्रश्न आला की त्याला सरळ उत्तर देता येत नाही. त्या दोन टीबीत लग्नसमारंभाच्या व्हिडिओंच्या चारशे फायली असतील तर २ जीबी रॅमचं जुनं यंत्र आरामात भागवेल. त्याच दोन टीबीत अडीच कोटी ई-मेल असतील तर ८ जीबीचा सर्व्हर मध्यरात्री गुदमरतो आणि सकाळी लॉगमध्ये फक्त १३७ हा एक्झिट कोड सापडतो. १२८ अधिक ९ (सक्तीने बंद करण्याचा सिग्नल), म्हणजे कर्नलने, ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने, प्रोसेस मारून टाकली. जागा दोन्हीकडे तेवढीच, फरक फायलींच्या संख्येचा.

कारण साधं आहे. बॅकअपचा प्रोग्रॅम डेटा मेमरीत धरून ठेवत नाही. तो थोडाथोडा वाचतो आणि पुढे ढकलतो. मेमरीत राहतात त्या नोंदी: ही फाइल मागच्या वेळी पाहिली होती का, तिची तारीख आणि आकार काय होता, तिचे तुकडे साठ्यात आहेत का. १० जीबीच्या फायलीला जी नोंद लागते तीच ३ केबीच्या फायलीलाही लागते. म्हणून अंदाज बांधायचा तर नोंदी किती आणि एका नोंदीला किती बाइट, हे दोनच आकडे हाती हवेत. बाकी सगळं त्यावरच्या दुरुस्त्या.

पुढचा सगळा हिशेब एकाच उदाहरणावर करू. मेलडिर पद्धतीने साठवलेला मेल सर्व्हर: प्रत्येक पत्र ही एक स्वतंत्र फाइल. एकूण १ कोटी २० लाख फायली, ९०० जीबी. म्हणजे सरासरी ७५ केबी. हे उदाहरण मुद्दाम घेतलं आहे, कारण मेलडिरमध्ये एक खोडी आहे आणि ती बॅकअपची मेमरी गुपचूप वाढवते. तिच्याकडे थोड्या वेळाने येऊ.

आधी चार आकडे काढा

पहिला आकडा फायलींची संख्या. घाईत असाल तर लिनक्सच्या डीएफ कमांडला आय हा पर्याय द्या, वापरलेले आयनोड (प्रत्येक फायलीमागे डिस्कवर असलेली नोंद) लगेच दिसतात. त्यात फोल्डरही मोजले जातात, पण पहिल्या अंदाजाला चालतं. नेमका आकडा हवा तर फाइंड कमांड वापरा, फक्त साध्या फायली निवडा आणि एक्सडेव्ह पर्याय विसरू नका. तो नसेल तर फाइंड दुसऱ्या माउंटवर (जोडलेल्या दुसऱ्या डिस्कवर) शिरतं आणि एनएफएसवरच्या, म्हणजे नेटवर्कवरच्या, परक्या फायलीही मोजून येतं. प्रत्येक फायलीमागे नाव छापण्याऐवजी एक टिंब छापायला लावा आणि शेवटी टिंबं मोजा. नावात नवी ओळ घुसलेल्या फायली असतात, आणि ओळी मोजल्या तर त्या दोनदा मोजल्या जातात.

दुसरा आकडा चंकांचा, म्हणजे बॅकअपचा प्रोग्रॅम फायलीचे पाडतो त्या तुकड्यांचा. फाइंडकडून प्रत्येक फायलीचा आकार छापून घ्या, ऑक कमांडमध्ये त्याला २०,९७,१५२ ने (म्हणजे २ एमआयबीने) भागा, भागाकार वरच्या पूर्णांकापर्यंत न्या आणि सगळ्यांची बेरीज करा. वरच्या पूर्णांकापर्यंत नेणं हाच यातला मुद्दा आहे. तो सोडला तर अंदाज कसा फसतो ते पुढे दिसेल.

तिसरा आकडा एकापेक्षा जास्त हार्डलिंक (एकाच फायलीची वेगवेगळी नावं) असलेल्या फायलींचा, आणि चौथा सगळ्यात मोठ्या एका फोल्डरमधल्या फायलींचा. हे दोन्ही बहुतेक जण मोजत नाहीत, आणि आरसिंक (फायली एका जागेहून दुसरीकडे कॉपी करणारं साधन) कोसळतं तेव्हा बहुधा यांतलाच एक कारणीभूत असतो.

बोर्गचा हिशेब

बोर्गबॅकअप हा एकसारखे चंक एकदाच साठवणारा बॅकअप प्रोग्रॅम. त्याच्या पहिल्या मालिकेत तीन कोष्टकं मेमरीत राहतात: रिपॉझिटरीचा (बॅकअपच्या साठ्याचा) इंडेक्स, चंकांची कॅश आणि फायलींची कॅश. प्रकल्पाच्या दस्तऐवजात दिलेलं ढोबळ सूत्र असं: प्रत्येक चंकमागे सुमारे १६४ बाइट, अधिक प्रत्येक फायलीमागे २४० बाइट. आवृत्तीनुसार चंकाचा आकडा चार-पाच बाइटने इकडेतिकडे होतो, त्याने निर्णय बदलत नाही.

आता चंक किती? सूत्र सांगतं, एकूण आकार भागिले २ एमआयबी. आपल्या उदाहरणात ९०० जीबीचे साधारण ४ लाख २९ हजार चंक होतात. त्यांचे ७० एमबी, फायलींचे २.८८ जीबी, एकूण २.९५ जीबी. "चला, ४ जीबीत बसतंय" म्हणून लोक इथेच थांबतात.

हा आकडा चुकीचा आहे. दस्तऐवजात खाली स्पष्ट लिहिलंय की एका फायलीचा किमान एक चंक होतो. बोर्गचा नेहमीचा सर्वांत लहान चंक ५१२ केआयबीचा असतो, त्यामुळे त्याहून लहान फाइल म्हणजे नेमका एक चंक. ७५ केबी सरासरीच्या मेलमध्ये चंकांची संख्या ४ लाख नव्हे, १ कोटी २० लाखांच्या वर जाते. त्यांचेच १.९७ जीबी. फायलींचे २.८८ मिळवले की ४.८५ जीबी. लहान फायलींच्या बाबतीत सूत्र इतकं सोपं होतं की लक्षातच ठेवावं: फायलीमागे सुमारे ४०० बाइट, म्हणजे दर १० लाख फायलींना ४०० एमबी.

एकसारख्या फायली भरपूर असतील तर चंक कमी होतील हे खरं, पण मेलमध्ये त्यावर विसंबू नये. तेच पत्र दहा जणांना गेलं तरी प्रत्येक प्रतीचे हेडर वेगळे असतात, आणि छोट्या पत्राचा एकच चंक असल्यामुळे हेडर बदलला की अख्खा चंक बदलतो.

आता मेलडिरची खोडी. पत्र आलं की ते न्यू या फोल्डरमध्ये पडतं. मेल प्रोग्रॅमने ते उचललं की कर (cur) या फोल्डरमध्ये जातं. ते वाचलं, उत्तर दिलं किंवा खूण केली की ती माहिती फायलीच्या नावातच शेवटी अक्षर जोडून लिहिली जाते. म्हणजे वाचणाऱ्याच्या एका क्लिकने फायलीचा पत्ता बदलतो. बोर्गची फायलींची कॅश पूर्ण पत्त्याच्या हॅशवर (पत्त्यावरून काढलेल्या आकड्यावर) चालते. पत्ता बदलला की तिच्या दृष्टीने ही नवी फाइल. तो ती पुन्हा वाचतो, चंक साठ्यात आधीच आहे हे त्याला कळतं आणि जागा वाया जात नाही. पण जुन्या पत्त्याची नोंद कॅशमधून लगेच जात नाही. बोर्ग ती २० बॅकअप सांभाळतो. ही मर्यादा बोर्ग फाइल्स कॅश टीटीएल या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने बदलता येते.

समजा रोज १ लाख फायलींचे पत्ते बदलतात किंवा त्या पुसल्या जातात. रोज एक बॅकअप असेल तर कॅशमध्ये कायम २० लाख मृत नोंदी. प्रत्येकीचे ३२० बाइट धरले (२४० फायलीचे, ८० तिच्या एका चंकाच्या नोंदीचे) की ६४० एमबी. तासातासाला बॅकअप घेत असाल तर २० बॅकअप म्हणजे जेमतेम २० तास, तेव्हा हा बोजा जवळपास नसतो.

दुसरी भर जुन्या आर्काइव्हची, म्हणजे साठ्यात ठेवलेल्या आधीच्या बॅकअपांची. चंकांचं कोष्टक आजच्या फायलींपुरतं नसतं, रिपॉझिटरीतल्या सगळ्या चंकांचं असतं. रोज ४० हजार पत्रं कायमची पुसली जात असतील आणि तुम्ही रोजचे बॅकअप १८० दिवस ठेवत असाल तर ७२ लाख चंक असे आहेत की ज्यांची फाइल सर्व्हरवर उरलेली नाही. इंडेक्स आणि चंक कॅश मिळून एका चंकाचे ८४ बाइट, म्हणजे आणखी ६०० एमबी. "फायली तेवढ्याच आहेत, मग सहा महिन्यांत मेमरी का वाढली?" याचं उत्तर बहुतेक वेळा इथे सापडतं.

बेरीज: ४.८५, ०.६४ आणि ०.६० मिळून साधारण ६.१ जीबी. हे झाले निव्वळ नोंदींचे बाइट. ही कोष्टकं हॅश टेबलं असतात, आणि हॅश टेबल कधी काठोकाठ भरत नाही, वेग टिकवायचा तर जागा मोकळी ठेवावी लागते. बोर्गची मोठी टेबलं तीन-चतुर्थांश भरली की सुमारे १.१ पट होतात, म्हणजे वाढल्यावर ती ६८ टक्के भरलेली असतात. ६.१ भागिले ०.६८ म्हणजे ९ जीबी. टेबल वाढताना नवं टेबल आधी घेतलं जातं, नोंदी त्यात उतरवल्या जातात, मग जुनं सोडलं जातं. तेवढा वेळ दोन्ही एकदम मेमरीत असतात. १ कोटी ९२ लाख चंकांच्या एका टेबलाला असा सव्वा जीबीचा उसळता भार धरा. एकूण १० जीबीच्या थोडं वर.

या सर्व्हरला मी १६ जीबीपेक्षा कमी सुचवणार नाही. १२ जीबीत बॅकअप होईल, पण डोव्हकॉट (मेल सर्व्हरचा प्रोग्रॅम) आणि कर्नलला उरलेल्या दीड-दोन जीबीत राहावं लागेल, आणि बॅकअपच्या वेळेत मेलबॉक्स उघडायला वेळ लागतो म्हणून लोकांचे फोन येतील.

रिपॉझिटरी दूरच्या यंत्रावर असेल तर तिचा इंडेक्स त्या बाजूला राहतो. आपल्या उदाहरणात साधारण १.१ जीबी इकडून तिकडे जातो. इकडे हायसं वाटतं, पण तिकडे १ जीबी रॅमचा छोटा नॅस (नेटवर्कवरचा साठा) असेल तर तो पडतो, आणि इकडच्या लॉगमध्ये नुसतं "कनेक्शन तुटलं" एवढंच येतं. नेटवर्कमध्ये चूक शोधत दिवस घालवण्याआधी पलीकडच्या यंत्राचा कर्नल लॉग बघा.

आरसिंक: नोंदी छोट्या, अटी जास्त

आरसिंकच्या प्रश्नोत्तरांत फायलीमागे सुमारे १०० बाइट हा आकडा दिलेला आहे: ८ लाख फायलींना ८० एमबी. आपल्या सर्व्हरला १.२ जीबी. २००८ साली आलेल्या ३.०.० आवृत्तीपासून आरसिंक पूर्ण यादी आधी बांधत नाही. एकेक फोल्डर घेत पुढे सरकतं आणि काम झालेल्या याद्या सोडून देतं. त्यामुळे प्रत्यक्षात याहून खूप कमी लागतं.

पण ही सोय काही पर्यायांनी बंद पडते. डिलीट-बिफोर, डिलीट-आफ्टर, डिले-अपडेट्स आणि प्रून-एम्प्टी-डर्स यांपैकी एक जरी दिला तरी आरसिंकला पूर्ण यादी हातात लागते आणि ते जुन्या पद्धतीवर जातं. जुन्या स्क्रिप्टमध्ये डिलीट-आफ्टर हमखास असतं, "आधी कॉपी होऊ दे, मग पूस" या भीतीने टाकलेलं. ती भीती रास्त आहे, पण तिच्यासाठी डिलीट-डिले वापरा. काय पुसायचं ते चालता चालता ठरतं, पुसणं शेवटी होतं आणि टप्प्याटप्प्याने यादी बांधणंही चालू राहतं.

चौथा आकडा इथे कामाला येतो. आरसिंकचं एकक फोल्डर आहे. एकाच फोल्डरमध्ये ५० लाख फायली टाकलेल्या असतील, आणि स्कॅन केलेल्या कागदपत्रांच्या किंवा सेन्सरच्या डेटाच्या बाबतीत हे सर्रास दिसतं, तर त्या फोल्डरची अख्खी यादी एकदम बांधून क्रमवार लावावी लागते. तिथे नवी पद्धत काहीही वाचवत नाही.

आरसिंक नोंदीत फायलीचं नावही ठेवतं, आणि मराठी नावं असलेल्यांनी हे ध्यानात घ्यावं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, काना-मात्राही वेगळी मोजली जाते. "सातबारा" या शब्दात सात चिन्हं आहेत, म्हणजे २१ बाइट. गाव, गट नंबर, खातेदार असं सगळं मराठीत नावात लिहिलेली फाइल सहज दीडशे बाइटच्या पुढे जाते, तिथे १०० बाइटचा अंदाज सोडून २०० ते २५० धरा. (ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल सिस्टिमवर नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे, म्हणजे देवनागरीची जास्तीत जास्त ८५ चिन्हं. रिस्टोर करताना नावाला पुढे काही जोडणारी साधनं इथे अडखळतात.) बोर्गच्या फायलींच्या कॅशमध्ये पत्त्याचा ठरावीक लांबीचा हॅश असतो, त्यामुळे तिथे नाव मराठी की इंग्रजी याने फरक पडत नाही.

तिसरा आकडा, हार्डलिंक. एच पर्याय दिला की अनेक नावं असलेल्या प्रत्येक आयनोडची नोंद वेगळ्या कोष्टकात राहते आणि फोल्डर संपलं म्हणून ती सुटत नाही. साध्या सर्व्हरवर अशा फायली मूठभर असतात. पण लिंक-डेस्टने (न बदललेल्या फायली हार्डलिंकने जोडणाऱ्या आरसिंकच्या पर्यायाने) रोजचा स्नॅपशॉट ठेवणारा बॅकअप साठा घ्या: ३० दिवस, रोज १ कोटी २० लाख नावं, एकूण ३६ कोटी, आणि जवळजवळ प्रत्येक फायलीला अनेक लिंका. हा साठा नव्या डिस्कवर न्यायला लोक आरसिंकला एच लावून सोडतात आणि तीन दिवसांनी ते मेमरीअभावी मरतं. तिथे फाइल पातळीवर जाऊच नये. अख्खी फाइल सिस्टिम ब्लॉक पातळीवर उचला, डीडीने किंवा एलव्हीएमने, आणि नंतर वाढवा.

मोजताना एक गफलत होते. एकाच यंत्रावर आरसिंक चालवलं की तीन प्रोसेस दिसतात आणि लोक तिघांची मेमरी मिळवून घाबरतात. घेणाऱ्या बाजूच्या दोन प्रोसेस फोर्कने (एकीची प्रत काढून दुसरी) झालेल्या असतात, त्यांची मेमरीची बरीच पानं सामाईक असतात. टॉपमधला आरएसएस न बघता प्रॉक फोल्डरमधल्या स्मॅप्स-रोलअप फायलीतला पीएसएस बघा, त्यात सामाईक पान वाटून मोजलेलं असतं.

रेस्टिक या बोर्गसारख्याच दुसऱ्या बॅकअप प्रोग्रॅमबद्दल थोडक्यात. त्याचा तुकडा सरासरी १ एमआयबीचा, किमान ५१२ केआयबीचा, म्हणून लहान फाइल म्हणजे एक तुकडा हे इथेही खरं. साठ्यातल्या सगळ्या तुकड्यांचा इंडेक्स मेमरीत येतो. फायलींची वेगळी कॅश नसते, मागच्या स्नॅपशॉटशी ताडून बदल ओळखला जातो. रेस्टिक गो भाषेत आहे, आणि गोच्या मूळ सेटिंगमध्ये कचरा (नको झालेली मेमरी) गोळा होण्याआधी हीप, म्हणजे प्रोग्रॅमने घेतलेली मेमरी, जिवंत डेटाच्या दुप्पट होऊ शकतो. जीओजीसी ही सेटिंग २० वर आणली तर हा फुगवटा बराच उतरतो, बदल्यात प्रोसेसर जास्त लागतो. गो १.१९ पासून असलेली जीओमेमलिमिट ही मर्यादा मऊ आहे: जिवंत डेटाच तिच्यापेक्षा मोठा असेल तर बॅकअप मरत नाही, पण बराच वेळ कचरा गोळा करण्यात जातो.

कर्नलने खाल्लेली मेमरी

बॅकअप सुरू असताना फ्री कमांड पाहिली तर आकडे भयंकर दिसतात. प्रत्येक फायलीला हात लागला की कर्नल तिची डेंट्री (नावाची नोंद, १९२ बाइट) आणि आयनोड (ईएक्सटी४ चा साधारण १ केबी) जवळ ठेवतो. १ कोटी २० लाख फायलींचे असे १४ जीबीच्या आसपास होतात. ही मेमरी परत मिळणारी आहे, गरज लागली की कर्नल ती सोडतो. म्हणून ती गरजेत धरायची नाही. स्लॅबटॉपमध्ये किंवा मेमइन्फोतल्या एसरिक्लेमेबल या ओळीत ती वेगळी दिसते. नजर ठेवायची ती मेमअव्हेलेबल या आकड्यावर.

कंटेनरमध्ये मात्र सावध राहा. सीग्रुपच्या (कंटेनरवर मर्यादा घालणाऱ्या कर्नलच्या सोयीच्या) दुसऱ्या आवृत्तीत कर्नलच्या या नोंदींची स्लॅब मेमरी कंटेनरच्या मर्यादेतच मोजली जाते. ६ जीबीची मर्यादा घातली आणि बोर्गला ५.८ लागत असतील, तर उरलेल्या २०० एमबीत कर्नल आयनोड आणतो, टाकतो, पुन्हा आणतो. बॅकअप मरत नाही, नुसता रेंगाळतो. कंटेनरला हिशेबाने निघालेल्या आकड्यावर किमान २ जीबी मोकळे द्या.

सूत्रावर थांबू नका, नमुना चालवा

आपल्याच फायलींतून १० लाखांचा एक आणि २० लाखांचा दुसरा नमुना निवडा. दोन्ही वेगळ्या चाचणी रिपॉझिटरीत आणि वेगळ्या कॅश फोल्डरसह चालवा. कमांडच्या आधी ग्नूची टाइम कमांड व्ही पर्यायासह लावा. शेलची अंगभूत टाइम नव्हे, यूएसआर-बिनमधली, पूर्ण पत्ता देऊन. शेवटी मॅक्झिमम रेसिडेंट सेट साइज ही ओळ येते, किलोबाइटमध्ये.

समजा १० लाखांना ६२० एमबी आणि २० लाखांना १,०८० एमबी आले. फरक ४६० एमबी, म्हणजे फायलीमागे ४६० बाइट. स्थिर भाग १६० एमबी. १ कोटी २० लाखांना ५.७ जीबी, आणि त्यावर मृत नोंदी आणि जुन्या आर्काइव्हची भर वेगळी घाला. नमुना तिसऱ्यांदा ४० लाखांवर चालवलात तर उत्तम, कारण हॅश टेबल पायऱ्यापायऱ्यांनी वाढतं आणि दोनच बिंदू घेतले तर नेमका एखाद्या पायरीच्या आधीचा आणि नंतरचा आकडा हाती लागू शकतो.

प्रत्येक नमुना दोनदा चालवा. पहिल्या खेपेला फायलींची कॅश रिकामी असते आणि हळूहळू भरते, दुसऱ्या खेपेला ती सुरुवातीलाच अख्खी मेमरीत चढते. शिवाय चेक (साठा तपासणं) आणि प्रून (जुने बॅकअप काढणं) यांनाही टाइम लावून बघा. रोजचा बॅकअप सुखरूप होत असलेल्या यंत्रावर महिन्याचं चेक पडताना दिसतं.

मेमरी कमी पडत असेल तर

सगळ्यात जास्त मिळणारा सल्ला, "चंकचा आकार वाढवा", लहान फायलींच्या बाबतीत पूर्ण निरुपयोगी आहे. ७५ केबीच्या फायलीचा एकच चंक होतो, कमाल आकार काहीही ठेवा. उलट चालू रिपॉझिटरीत चंकरचे (चंक पाडणाऱ्या भागाचे) आकडे बदलले तर मोठ्या फायलींचे नवे चंक जुन्यांशी जुळत नाहीत, आणि जुने आर्काइव्ह जाईपर्यंत दोन्ही संच इंडेक्समध्ये राहतात. मेमरी वाचवायला गेलात आणि वाढली.

फायलींची कॅश बंद केली तर मेमरी खरंच वाचते, पण प्रत्येक फाइल रोज वाचावी लागते. फिरत्या डिस्कवर एका फायलीला ८ मिलिसेकंद धरा: १ कोटी २० लाखांना ९६,००० सेकंद, जवळजवळ २७ तास. रोजचा बॅकअप दिवसात संपतच नाही. एसएसडी असेल तरच याचा विचार करा.

स्वॅपबद्दल (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा): आरसिंकची यादी बरीचशी क्रमाने वाचली जाते, थोडं स्वॅप तिथे चालून जातं. हॅश टेबलात प्रत्येक शोध भलत्याच पानावर जातो. त्यातला चौथा हिस्सा जरी स्वॅपमध्ये गेला तर बॅकअप रांगायला लागतो. स्वॅप ठेवा, पण अपघातापुरतं. आणि ३२ बिटी जुन्या नॅसवर स्वॅप कितीही वाढवलं तरी एका प्रोसेसला साधारण ३ जीबीपलीकडे पत्ताच मिळत नाही.

खरा उपयोग होतो तो विभागणीचा. डोमेननुसार किंवा वापरकर्त्यांच्या गटांनुसार वेगळ्या रिपॉझिटरी करा आणि त्या एकामागून एक चालवा. चार भाग केले की एका वेळची गरज चौथ्या हिश्श्यावर येते. गटांमधले सामाईक चंक ओळखले जाणार नाहीत, पण मेलमध्ये ते आधीच कमी असतात, म्हणून हा सौदा फायद्याचा. एकाच रिपॉझिटरीत चार आर्काइव्ह करून मात्र तेवढं हाती लागत नाही: चंकांचं टेबल अख्खं चढतंच. तिथे निदान बोर्ग फाइल्स कॅश सफिक्स देऊन प्रत्येक भागाची फायलींची कॅश वेगळी ठेवा. नाहीतर चारही भाग एकमेकांच्या नोंदी म्हाताऱ्या करतात, २० ची मर्यादा पाच दिवसांतच भरते आणि तुम्ही एखाद्या भागाचा बॅकअप आठवड्याने घेत असाल तर तो दर वेळी सगळ्या फायली नव्याने वाचतो.

दुसरा मार्ग फायलीच कमी करण्याचा. जे फोल्डर आता बदलत नाहीत, ते वर्षावार टार किंवा स्क्वॅशएफएसमध्ये बांधून टाका. डोव्हकॉट वापरत असाल तर एमडीबॉक्समध्ये एका फायलीत अनेक पत्रं राहतात आणि फायलींची संख्या कोसळते, पण तिथे इंडेक्स फायली जिवाइतक्या महत्त्वाच्या होतात आणि पत्रांसोबत त्यांचा बॅकअप एकाच क्षणाच्या स्नॅपशॉटवरून घ्यावाच लागतो.

झेडएफएस किंवा बीटीआरएफएस ही फाइल सिस्टिम हाताशी असेल तर तिची सेंड कमांड वापरा. दोन स्नॅपशॉटांमधले बदललेले ब्लॉक थेट पाठवले जातात, फायलींची यादी फिरलीच जात नाही, त्यामुळे संख्येचा प्रश्न उरत नाही. फक्त झेडएफएसचं डिडुप्लिकेशन (एकसारखे ब्लॉक एकदाच साठवणं) चालू करू नका. प्रत्येक ब्लॉकमागे ३२० बाइट हा तिथला नेहमी धरला जाणारा आकडा आहे. १ कोटी २० लाख लहान फायलींना ३.८ जीबी, आणि ते बॅकअपपुरते नाही, सदैव.

घेणाऱ्या डिस्कचे आयनोड

मेमरीचा हिशेब जमला तरी शेवटी एक अडचण उरते. ईएक्सटी४ वर आयनोडची संख्या फॉरमॅट करतानाच ठरते. नेहमीच्या सेटिंगमध्ये १६,३८४ बाइटमागे एक, म्हणजे १ टीबीला सुमारे ६ कोटी १० लाख, भरपूर. पण "बॅकअपची मोठी डिस्क आहे" म्हणून कोणी लार्जफाइल४ हा प्रकार निवडून फॉरमॅट केली असेल तर ४ एमआयबीमागे एकच आयनोड मिळतो. ४ टीबीच्या डिस्कवर साडेनऊ लाख. आरसिंकने त्यापुढची फाइल लिहायला घेतली की "जागा नाही" असा संदेश येतो, आणि डीएफ मात्र ९० टक्के मोकळी दाखवतं. इथे डीएफ-आय बघायचं असतं. पुन्हा फॉरमॅट करण्यावाचून उपाय नाही.

लिंक-डेस्टमध्ये न बदललेल्या फायली नवे आयनोड घेत नाहीत, फोल्डर मात्र रोज नवे बनतात. मेलडिरच्या प्रत्येक फोल्डरमागे कर, न्यू आणि टेम्प धरून चार. ५,००० मेलबॉक्स, प्रत्येकी १० फोल्डर, म्हणजे रोज २ लाख आयनोड आणि ३० दिवसांचे ६० लाख.

अशी डिस्क वीज गेल्यावर तपासायची वेळ आली की ई२एफएससीके हे डिस्क तपासणारं साधन स्वतःच मेमरी मागतं, कारण प्रत्येक आयनोडच्या लिंका त्याला मोजायच्या असतात. लाखो हार्डलिंक असलेल्या साठ्यावर ते मेमरी संपून मध्येच थांबू शकतं. त्याच्या कॉन्फिगरेशन फायलीत स्क्रॅच-फाइल्स या विभागात एखादं फोल्डर नेमून दिलं की ते आपली कोष्टकं डिस्कवर ठेवतं. काम कितीतरी संथ होतं, पण पुरं होतं. हे फोल्डर आजच बनवून ठेवा, आणि तपासायच्या डिस्कवर नव्हे, वेगळ्या डिस्कवर.